सोळा चॅनेलचा डबा

३ मार्च

प्रिय मामा,

काल फोन केला होता. मामीने उचलला आणि मागून तुझा आवाज आला, "तिला म्हणावं पत्र पाठव. फोनवर माणूस काहीही बोलून जातो." दोन वर्षं झाली, तुझं हे चालूच आहे. ठीक आहे बाबा, पत्र तर पत्र.

बातमी अशी की आमचा मिक्सर गेला. मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माझा घेऊन जा, नाहीतरी भांडं गळतंय." तिला म्हणावं, बँडचा गेला. तो जुना, बारा चॅनेलचा. बटण फिरवलं की खरखर करायचा. आमच्या ड्रमरने, म्हणजे दंतवैद्याने, तो उघडून दवाखान्यातल्या ब्रशने साफ केला. तेव्हापासून पाचवं चॅनेल बोलतच नाही. पेशंट असता तर कवळी बसवली असती, म्हणतो.

आता गंमत बाजूला. अठरा मेला वाचनालयाच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम आमच्याकडे आलाय. दोन तास, फक्त आमची गाणी. स्पीकर त्यांचे, बाकी सगळं आम्ही आणायचं. म्हणून डिजिटल मिक्सर घ्यायचा ठरलंय, आणि तोही लहान, कारण ड्रम भरले की दंतवैद्याच्या गाडीत फक्त वहिनीची मांडी उरते. (वहिनी म्हणजे बेस वाजवणारी. दंतवैद्याच्या भावाची बायको, पण आता आम्हा सगळ्यांचीच वहिनी.)

तू एकतीस वर्षं नाट्यगृहात साउंडच्या डेस्कवर बसलास. कोणता घेऊ, एवढंच सांग.

तुझी,
भिंगरी


११ मार्च

भिंगरी,

"कोणता घेऊ, एवढंच सांग" असं चपलांच्या दुकानात विचारतात, आणि तिथेही आधी पाय पुढे करावा लागतो. मिक्सरचं नाव शेवटी. आधी कागद घे आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिही.

पहिला: स्टेजवरून एकूण किती वायरी येणार? मोजून सांग. अंदाजे नको. अंदाजे मोजणाऱ्या माणसाला ऐन कार्यक्रमात एक भोक कमी पडतं आणि मग तो गिटार आणि माइक एकाच भोकात कोंबायचा विचार करतो. असे पाहिलेत मी.

दुसरा: तुमच्यापैकी किती जणांना आपापला आवाज वेगळा ऐकायचा आहे? गायकाला स्वतःचा गळा हवा असतो, ड्रमरला बेस हवा असतो. एकाच स्पीकरमधून सगळ्यांना सगळं दिलं की प्रत्येक जण म्हणतो, माझा वाढवा. सगळ्यांचा वाढवला की पुन्हा सगळे म्हणतात, माझा वाढवा.

तिसरा: मिक्सरवर बसणार कोण?

ताईला सांग, तिने पाठवलेला स्वेटर बरोबर बसला. मामी म्हणते, मी त्यात डेस्कवर घालायच्या कव्हरसारखा दिसतो.

मामा


१७ मार्च

प्रिय मामा,

मोजलं. मास्तरांनी शाळेतून येताना खडू आणला होता, त्यांनी माझ्या खोलीच्या दारावरच बेरीज मांडली. मास्तर म्हणजे आमचे कीबोर्डवाले. दिवसा गणित शिकवतात आणि आमची गाणी लिहितात.

ड्रमला चार माइक. बेस एक. कीबोर्डच्या डाव्या-उजव्या मिळून दोन. माझी गिटार एक. गाणाऱ्या दोघी, मी आणि वहिनी. मास्तर गात नाहीत, देवाची कृपा, पण दोन गाण्यांच्या मध्ये त्यांना बोलायचं असतं, म्हणून त्यांनाही माइक. झाले अकरा. लॅपटॉपमधून मध्यंतरातलं संगीत वाजवायचं, त्याचे दोन. तेरा!

दुसऱ्याचं उत्तर चार. आम्ही चौघं आणि चौघांच्या चार तऱ्हा.

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे: मीच. हल्ली सगळं टॅबलेटवर होतं. माइकच्या स्टँडला टॅबलेट अडकवायचा, गाता गाता बोट फिरवायचं.

दुकानात जाऊन आले. तिथल्या मुलीने तीन दाखवले. एक बारा चॅनेलचा, बटणांचा, गोंडस. दुसरा सोळाचा. आवाज कमी-जास्त करायच्या त्याच्या दांड्या आपोआप वर-खाली सरकतात, भुताने धरल्यासारख्या. सुंदर आहे, पण प्रवासी बॅगेएवढा. तिसरा म्हणजे नुसता डबा. जाडजूड शब्दकोशाएवढा. वरती ना दांडी ना बटण, फक्त भोकं. सोळा चॅनेल, बाकी सगळा कारभार टॅबलेटवर. मामा, मी त्याच्या प्रेमात पडले आहे.

पण तू ये ना एकदा. तिन्हींना हेडफोन लावून ऐक. तू एका वायरीसाठी अख्खी दुपार दुकानात घालवायचास, आणि मी तुझ्याबरोबर कंटाळून स्टुलावर झोपायचे. आता मी नाही झोपणार.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरी,

यायला जमणार नाही. गुडघा. बसमध्ये तीन तास पाय दुमडून बसवत नाही.

पण घरबसल्या अभ्यास केलाय. दुकानातल्या मुलीकडून मामीने तिन्हींची माहितीपुस्तकं मागवून छापून आणली. एकशे बारा पानं वाचली. शेवटच्या वीस पानांवर मामीने मधूनच चहाचा कप ठेवलाय, तरी वाचली.

बाराचा बाद. तुमचे तेरा आहेत. शिवाय बँड वाढतो. उद्या कुणीतरी बासरीवाला भेटेल आणि तुम्ही विरघळाल.

दुसऱ्यावर माझं मन गेलं, खोटं कशाला बोलू. दांडीवर बोट ठेवलं की आवाज हाताला लागतो. काचेवर बोट फिरवताना काहीच लागत नाही, नुसती धूळ पुसल्यासारखं. पण तुमच्याकडे गाडीत जागा नाही आणि तुझं मन आधीच गेलंय. तेव्हा डबाच घे. त्याला बाहेर जाणाऱ्या सहा वाटा आहेत: दोन सभागृहाच्या स्पीकरना, चार तुम्हा चौघांना. नेमक्या. प्रत्येक सभागृहाची मांडणी नाव देऊन साठवताही येते.

आणि मुख्य म्हणजे त्याच्या पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो. माइक शिट्टी मारायला लागला की कुठल्या आकड्यावर ते डोळ्यांना कळतं. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण आलेख चांगला दिसतो ना, ते बघून घे. पडदा मोठा घे.

एक वेगळा राउटर घे. डब्यातलं वाय-फाय घरी चालतं. सभागृहात दोनशे लोक दोनशे फोन घेऊन बसले की ते गुदमरतं. पान सत्तेचाळीसवर बारीक अक्षरात लिहिलंय.

ऐकून बघायचं म्हणतेस, तर हल्ली सगळ्यांचेच आवाज चांगले असतात.

मामा


१२ एप्रिल

प्रिय मामा,

घेतला! दारात खोकं आल्यावर वहिनीने त्याला कडेवर घेतलं. वजन अगदी तान्ह्या बाळाएवढं.

आता कबुलीजबाब. राउटर घेतला नाही. डब्यातच वाय-फाय आहे, मामा उगाच घाबरतो, असं आम्ही चौघांनी मिळून ठरवलं. परवा दुपारी पोहण्याच्या तलावाच्या क्लबचा मेळावा होता. रिकाम्या हॉलमध्ये सगळं झकास. लोक येऊन बसले आणि दुसऱ्या गाण्याला टॅबलेटवर ते गोल गोल फिरायला लागलं. नेमका तेव्हा मी मास्तरांचा कीबोर्ड वाढवून ठेवला होता. पुढची चार गाणी तो तसाच. माझा आवाज तलावाच्या तळाशी. मध्यंतरात एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "छान वाजवता हो. गात का नाही?"

राउटर आणलाय. तू काही बोलू नकोस.

पण त्याहून मोठं म्हणजे तुझा तिसरा प्रश्न माझा चुकला. स्टेजवर उभं राहून समोर काय ऐकू जातंय ते कळतच नाही. मागे कुणीतरी बसायला हवं. ते कुणीतरी म्हणजे तूच, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अठरा मेला ये. गाडी पाठवते. दंतवैद्य म्हणतो, पुढची सीट पूर्ण मागे करून देतो, पाय लांब करून बस.

आणि एक विचारू? रागावू नकोस. मी बँड काढून तीन वर्षं झाली. त्यातल्या दोन वर्षांत तू एकदाही ऐकायला आला नाहीस. आधी तर पहिल्या रांगेत असायचास. मामा, आमची गाणी तुला आवडत नाहीत का? मिक्सरचा आवाजही तू ऐकायला आला नाहीस. सगळ्यांचे चांगले असतात, म्हणे. हे वाक्य तुझं नाहीच. माझं काही चुकलं असेल तर सांग.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरी,

गाणी आवडत नाहीत असं काही नाही. गुडघा जास्तच धरलाय. शिवाय सर्दी.

राउटर आणलास हे बरं केलंस. तो जमिनीवर ठेवू नकोस, लोकांच्या डोक्यांच्या वर राहील असा ठेव.

मामा


२१ एप्रिल

प्रिय भिंगरी,

मी तुला कधी पत्र लिहीत नाही, म्हणून घाबरू नकोस. सगळे बरे आहेत. तुझ्या मामाचा गुडघा तर ठणठणीत आहे. रोज चार मजले जिना चढून येतो, वर पिशवी माझी.

तुझं पत्र त्याने तीनदा वाचलं आणि मग बाल्कनीतल्या कुंड्या विनाकारण इकडच्या तिकडे केल्या. म्हणून मीच लिहिते.

त्याला ऐकू कमी येतं. बारीक, उंच आवाज तर येतच नाहीत. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, टेलिफोनवरचं बोलणं. माणूस समोर असला तर ओठ बघून निभावून नेतो, इतकं छान निभावतो की ताईंना, सख्ख्या बहिणीलाही, कळलं नाही. म्हणून तर फोन नको, पत्र पाठव. मशीन आणलंय, ते कपाटात रुमालाखाली ठेवलंय. नाट्यगृहाची नोकरी गुडघ्यामुळे सोडली असं सगळ्यांना सांगितलं, पण ती यामुळे सोडली. काय झालं ते त्याचं त्याने सांगावं.

तुझं गाणं त्याला आवडत नाही, हे मात्र मनातून काढून टाक. तुमच्या गाण्यांच्या सीडीची चकती लावून स्पीकरवर तळहात ठेवून बसतो. मी पाहिलंय.

मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस.

मामी


२८ एप्रिल

प्रिय मामा,

मामीने लिहिलं. तिने सांगितलं होतं, कळू देऊ नकोस, पण मला ते जमणार नाही. मी पाच वेळा पत्र सुरू केलं आणि पाचही वेळा "कान" हा शब्द टाळताना त्याच्या भोवती पिंगा घालत बसले. तिला बोलू नकोस.

आधी माफी. मी तुला विचारलं, गाणी आवडत नाहीत का. ते वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता कामाचं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, मी इतकी गोड नाही हे तुला माहीत आहे. वाचनालयाच्या बाईंनी मला एक पाकीट दिलं. गेल्या वर्षी तिथे दुसऱ्या एका बँडचा कार्यक्रम झाला होता, त्यानंतर सूचनापेटीत पडलेल्या चिठ्ठ्या. अकरा आहेत. एकीवर लिहिलंय, "आवाज भरपूर होता. शब्द एकही कळला नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या." बहुतेक सगळ्या अशाच. तिथले सभासद दोनशे, त्यातले निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे.

मामा, मास्तरांच्या गाण्यात शब्द गेले तर उरतं काय? आणि ते त्या लोकांना कळतायत की नाही हे आम्हा चौघांपैकी कुणालाच तपासता येत नाही, कारण आमचे कान चांगले आहेत. आम्हाला ते पाठ आहेत. तुला शब्द कळला तर समोरच्या प्रत्येकाला कळेल. असा माणूस मला दुकानात मिळणार नाही.

शिट्टीची काळजी करू नकोस. ती मला स्टेजवर आधी ऐकू येते, आणि तुला आलेखावर दिसेल. तू मला पडदा मोठा घ्यायला का सांगितलंस ते मला आत्ता कळतंय. मला वाटलं होतं, म्हातारपणी हौस सुटलीय.

शिट्टी माझ्याकडे, शब्द तुझ्याकडे. येतोस?

भिंगरी


६ मे

भिंगरी,

मामीला मी काय बोलणार? ते पत्र पेटीत मीच टाकलं. पाकिटावर तिच्या अक्षरात तुझा पत्ता. एरवी वाणसामानाच्या यादीपलीकडे ती काही लिहीत नाही. हातात घेतलं तेव्हाच ओळखलं आत काय असणार. पेटीपाशी जरा वेळ उभा राहिलो. मग टाकलं. तुला कळलेलं बरं, आणि माझ्या तोंडून निघत नव्हतं.

आता ते एक सांगून टाकतो, पुन्हा विचारू नकोस. दुपारचा कार्यक्रम होता, एका शाळेचा. सात-आठ वर्षांची मुलगी कविता म्हणायला उभी राहिली. मी तिचा माइक उघडला. सुरू झाली, आणि लोकांनी कानांवर हात ठेवले. अख्ख्या सभागृहाने. मला काही कळेना. मला वाटलं, पोरीचा आवाज पोहोचत नाही, लोक हात लावून ऐकायचा प्रयत्न करतायत. म्हणून मी तिचा आवाज वाढवला. भिंगरी, माइक शिट्टी मारत होता, आणि मी वाढवला. मॅनेजर धावत आला आणि त्याने माझ्या हाताखालून दांडी ओढली. तोवर पोर रडत आत पळाली होती. तिला वाटलं असणार, आपल्यामुळेच सगळे कान झाकतायत. दुसऱ्या दिवशी मी किल्ल्या देऊन टाकल्या.

तुझा डबाही मी पुस्तकं वाचूनच निवडला. न ऐकता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्याची लाज वाटत होती, म्हणून ते "सगळ्यांचे चांगले असतात" लिहिलं.

तुझं म्हणणं चार दिवस तपासून पाहिलं. मला खूश करायचा डाव असेल तर कुठेतरी फट सापडेल म्हणून. सापडली नाही. येतो.

अटी आहेत. एक, सकाळी येणार. मला रिकाम्या सभागृहात दोन तास हवेत. दोन, मास्तरांना सांग, मी काही बोललो तर मनाला लावून घ्यायचं नाही. तीन, गाण्यांचे शब्द मला पाठवायचे नाहीत. एकही नवी ओळ नको. माहीत असलेला शब्द माणसाला ऐकू येतोच, कानावर न पडताही. चकतीवरची गाणी म्हणायची असतील तर ती सोडून म्हणा. मला नवीच हवीत.

मशीन आणतो. घालायचं की नाही ते तिथे ठरवीन.

गुडघा बरा आहे.

मामा


२१ मे

भिंगरी,

सुखरूप पोहोचलो. दंतवैद्याने वाटेत माझी दाढ तपासली, सिग्नलला गाडी थांबली असताना. चांगला माणूस आहे.

त्या दिवशी बोलता आलं नाही, तुझ्याभोवती गर्दी होती आणि गर्दीत मला काही कळत नाही, म्हणून आता लिहितो.

सकाळी तुम्ही वाजवलंत तेव्हा माझ्यापर्यंत नुसता चिखल येत होता. मी टॅबलेटवर शोधत बसलो. तुझा आवाज वाढवला तर चिखलही वाढला. मग तुझ्या माइकमधला खालचा घुमणारा आवाज कापला, गिटारचा कापला, थोडं उजळलं. तरी नाही. शेवटी उठून स्टेजवर आलो आणि मास्तरांच्या डाव्या हातावर हात ठेवला. बेस वहिनी वाजवते आहे, तेच सूर तुम्ही खाली का वाजवता? ते म्हणाले, "मग या हाताचं काय करू?" मी म्हटलं, खिशात घाला. माणूस मोठा आहे, खरंच घातला. एकशे बारा पानांत हा उपाय नव्हता.

पहिला भाग मी मशीन घालून ऐकला. ठीक होतं, पत्र्यावर पाऊस पडावा तसं. मध्यंतरात काढून खिशात ठेवलं. घाम फुटला होता, सांगतो तुला. मग वहिनीच्या माइकची शिट्टी. तू गाताना नुसतं कानाला बोट लावलंस, मी पडद्यावर बघितलं तर तीन हजारांच्या जरा पुढे एक रेघ ताठ उभी. खाली ओढली. लोकांचे हात कानांवर गेले नाहीत. मी मोजत होतो, एकाचाही गेला नाही.

माझ्या शेजारी एक आजीबाई होत्या, कानात माझ्यासारखंच मशीन. सकाळपासून आल्या होत्या, तालीम ऐकत बसलेल्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ओठ दिसले म्हणून कळलं, "आवाज कमी केलात का हो?"

"फक्त कीबोर्डचा."

"मग हे शब्द पहिल्यापासूनच होते?"

"होते," म्हटलं.

त्यांनी पर्समधून चष्मा काढून घातला. ऐकायला चष्मा कशाला, ते मी विचारलं नाही. मीही घालतो.

शेवटचं गाणं मशीनशिवाय, मान खाली घालून ऐकलं. तुझे ओठ बघायचे नाहीत असं ठरवून. जे ऐकलं ते कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहून काढलं. इथे उतरवून देतो. मास्तरांना दाखव आणि लाल शाईने तपासून पाठवायला सांग. गुण द्यायचे.

खुर्ची राहू दे बाहेर, दार राहू दे सताड,
ज्याला यायचं आहे, तो उद्या येईल.
वाटेत त्याला कुणी विचारला असेल —
तो दाखवत बसला असेल.

तिसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द निसटला. रेघ मारून ठेवलीय. उगाच भरला नाही.

रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह डब्यातच राहिलाय, मागच्या बाजूला. काढून घे.

मामा


२५ मे

प्रिय मामा,

आधी वाचनालयाचं. बाईंनी काल सूचनापेटी उघडली. चौदा चिठ्ठ्या. एकीत खुर्च्या टोचतात, एकीत पंखा मोठ्याने फिरतो, एकीत मास्तरांनी कमी बोलावं. शब्द कळले नाहीत असं कुणीही लिहिलेलं नाही. एकाने तर दुसऱ्या गाण्यातल्या व्याकरणाची चूक काढलीय. व्याकरणाची, मामा! म्हणजे बघ.

तुझा पेपर मास्तरांनी खरंच लाल शाईने तपासला. निसटलेला शब्द "पत्ता". त्याचा एक गुण गेला. आणि दुसऱ्या ओळीतल्या "उद्या"खाली त्यांनी रेघ मारली. गाण्यात तिथे "उशिरा" आहे. "ज्याला यायचं आहे, तो उशिरा येईल." वाटेत पत्ता दाखवत बसलेला माणूस उशिराच येणार ना.

आम्ही सगळे समजून घेणाऱ्या चेहऱ्याने बसलो. उशिरामधला "श" बारीक असतो, तुझ्या कानाला तोच लागत नाही, असं मी त्यांना समजावूनही सांगितलं. मास्तर म्हणाले, "एवढ्या ओळींत एकच चूक, फार झालं. तरी पास." वहिनी म्हणाली, "तो 'श' पुढच्या वेळी मी जरा ठसक्यात म्हणेन." आम्ही असे शहाणे.

आज दुपारी दंतवैद्याच्या दवाखान्यात, पेशंट नव्हते तेव्हा, पेन ड्राइव्ह लावला. कार्यक्रम कसा झाला ते ऐकायला म्हणून. शेवटचं गाणं आलं. दुसरी ओळ आली. दंतवैद्याने थांबवलं, मागे नेलं. पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा, आवाज वाढवून.

मी "उद्या" म्हटलंय. स्वच्छ. तिन्ही वेळा "उद्या".

का म्हटलं ते मला माहीत नाही. मान वर केली तर मागच्या रांगेत तू खाली वाकून काहीतरी लिहीत होतास, एवढं आठवतं. पुढचा शब्द जिभेवर आपोआप आला असणार. मला कळलं नाही, वहिनी माझ्याबरोबर तीच ओळ गात होती, तिला कळलं नाही. दंतवैद्य मागे होता. आणि मास्तर, ज्यांनी तो शब्द लिहिला, ते माझ्यापासून दोन हातांवर एक हात खिशात घालून बसले होते.

मग मास्तरांनी लाल पेन काढलं, तुझ्या पेपरवरची ती रेघ खोडली, आणि गुण वाढवून खाली सही केली. पेपर सोबत पाठवते आहे.

तुझी,
भिंगरी